न मागता दिलेलं पाणी

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. मे महिन्याची भर दुपार आहे. घरात तीन माणसं बसली आहेत. एक तुमच्याएवढा बारा वर्षांचा मुलगा, दुसरी त्याची आई आणि तिसरे पंच्याऐंशी वर्षांचे पणजोबा. तिघांच्याही अंगातलं पाणी उकाड्यानं कमी होत चाललंय. सांगा पाहू, सगळ्यांत आधी पाणी कोण मागेल? आणि सगळ्यांत शेवटी कोण?

"आधी मुलगा!" बरोबर. तो तर खेळता खेळता माठाकडे धाव घेईल. मग आई उठेल. आणि पणजोबा? ते बहुधा मागणारच नाहीत. विचारलंत तर म्हणतील, "नको रे बाळा, तहान नाही."

आपल्याला वाटतं, किती सोशिक आहेत पणजोबा! पण ते खोटं बोलत नसतात आणि सोसतही नसतात. त्यांना खरोखरच तहान कळलेली नसते. गंमत म्हणजे तिघांमध्ये पाण्याची सगळ्यांत जास्त गरज त्यांनाच असते. ही साधी गोष्ट ज्यांना माहीत असते, ते उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांचा जीव वाचवू शकतात. म्हणून आज आपण एका अशा जागेची माहिती घेऊ, जिथं एकाच छपराखाली अशी तीस-चाळीस आजी-आजोबा मंडळी राहतात. ती जागा म्हणजे वृद्धाश्रम.

शरीर म्हणजे मातीचा माठ

आपल्या शरीराचं आतलं तापमान साधारण ३७ अंश सेल्सियस असतं. बाहेर थंडी असो की वणवा, शरीर ते तेवढंच ठेवायला धडपडतं. त्यासाठी त्याच्याकडे दोन युक्त्या आहेत. पहिली, आतलं गरम रक्त कातडीकडे पाठवायचं, म्हणजे उष्णता बाहेर जाते. दुसरी युक्ती घामाची.

एक प्रयोग करा. उजव्या हाताच्या पाठीवर पाण्याचे दोन थेंब चोळा. डावा हात कोरडाच ठेवा. आता दोन्हींवर फुंकर घाला. ओला हात गार लागला ना? पाण्याची वाफ होताना ते हाताची उष्णता घेऊन जातं. घाम हेच काम करतो. आपला माठही हेच करतो. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं.

पण माठ जुना झाला की काय होतं? छिद्रं बुजतात, माठ पाझरत नाही आणि पाणी गार होत नाही. आई म्हणते, "यंदा नवा माठ आणायला हवा." म्हातारपणी शरीराचंही थोडंफार असंच होतं. घाम कमी येतो. हृदय थकलेलं असतं, त्यामुळे कातडीकडे भरपूर रक्त ढकलणं त्याला जड जातं. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणं पूर्वीसारखं जमत नाही. आणि 'पाणी पी' असा मेंदूकडून येणारा निरोपच मंदावतो. माठ बदलता येतो, आजोबा नाही! मग त्यांची काळजी बाहेरूनच घ्यायला हवी.

त्यात औषधांची भर. रक्तदाबाच्या आणि लघवी जास्त होण्याच्या काही गोळ्यांमुळे अंगातलं पाणी कमी होतं. मनाच्या आजारांवरच्या काही औषधांनी घाम कमी येतो. म्हणून चांगल्या वृद्धाश्रमात उन्हाळा लागण्याआधीच डॉक्टरांना बोलावून प्रत्येकाच्या गोळ्या तपासून घेतात. मात्र गोळी बंद करायची की कमी करायची, हे फक्त डॉक्टरांनीच ठरवायचं. आपण नाही.

पॅरिसमधला तो ऑगस्ट

"पण बाई, ऊन तर आपल्याकडेच कडक! थंड देशांत म्हाताऱ्यांना कसली भीती?" असं तुम्ही म्हणाल. तर ऐका.

२००३ सालच्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्समध्ये भयंकर उष्णतेची लाट आली. राजधानी पॅरिसमध्ये पारा ३९ अंशांच्या वर गेला. नागपूरकर म्हणतील, "एवढंच?" पण तिथली घरं थंडी आत येऊ नये अशी बांधलेली. कित्येक इमारतींना जस्ताच्या पत्र्याची छपरं आणि त्यांच्या खालीच छोट्या खोल्या. बहुतेक घरांत वातानुकूलन यंत्र नाही. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीही निवत नव्हत्या. आणि ऑगस्ट हा तिथला सुट्टीचा महिना. मुलं-नातवंडं गावाला गेलेली, डॉक्टर आणि दवाखान्यातले कर्मचारीही रजेवर.

त्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं दगावली. त्यांतली बहुतेक पंच्याहत्तरीच्या पुढची होती. कुणी घरी एकटी राहत होती, कुणी वृद्धनिवासात. पूर आला, भूकंप झाला, तर आरडाओरडा होतो, माणसं धावून येतात. उष्णतेचा आवाज होत नाही. ती बंद दाराआड गुपचूप काम करते.

पण हा देश रडत बसला नाही. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, त्यांनी उष्णतेच्या लाटेसाठी आराखडा तयार केला. प्रत्येक वृद्धनिवासात निदान एक तरी खोली थंड ठेवलीच पाहिजे आणि लाटेच्या दिवसांत सगळ्यांना तिथं काही तास बसवलं पाहिजे, असा नियम झाला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी नगरपालिकेत नाव नोंदवायचं आणि लाट आली की त्यांना फोन करून विचारपूस करायची, अशी सोय झाली. या कामाला पैसा कुठून आणायचा? तर नोकरदारांनी वर्षातला एक दिवस जादा पगार न घेता काम करायचं आणि त्या दिवसाचे पैसे वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी द्यायचे, असा कायदाच केला. त्या दिवसाचं नावही छान आहे, 'एकजुटीचा दिवस'!

मग २००६ च्या जुलैत पुन्हा मोठी लाट आली. त्या वेळीही माणसं दगावली, पण शास्त्रज्ञांनी जेवढ्या मृत्यूंचा अंदाज बांधला होता, त्यापेक्षा सुमारे चार हजारांनी कमी. ऊन तसंच होतं, माणसांचं लक्ष वाढलं होतं.

खोली थंड कशी राखायची?

आता आपल्याकडे येऊ. विदर्भातल्या मुलांना उन्हाळा काय असतो हे सांगायला नको. नागपूर, चंद्रपूर, अकोला इथं नवतपा लागला की पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा गावातल्या वृद्धाश्रमाला एप्रिलच्या आधीच कंबर कसावी लागते.

पहिलं काम छपराचं. काळा किंवा राखाडी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. त्यावर चुन्याचा किंवा खास पांढऱ्या रंगाचा हात दिला की बरंचसं ऊन परत फिरतं. जे आजी-आजोबा वरच्या मजल्यावर राहतात, त्यांची खाट उन्हाळ्यापुरती खाली आणतात.

दुसरं काम खिडक्यांचं. पहाटे आणि रात्री हवा गार असते, तेव्हा खिडक्या सताड उघड्या. ऊन चढलं की खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. पडदा, चटई किंवा ताटी खिडकीच्या बाहेरून लावली तर आणखी चांगलं, कारण ऊन काचेपाशी पोचायच्या आधीच अडतं.

तिसरं काम कुलरचं. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या दर उन्हाळ्याला बदलायच्या. कुलर चालू असताना समोरची एखादी खिडकी किंचित उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो आणि गारवा जाणवत नाही. कुलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढायचा, ही शिस्त फार महत्त्वाची. पत्र्याच्या कुलरला ओल्या हातानं शिवल्यामुळे विजेचा धक्का बसून माणसं दगावतात. मुलांनो, तुम्हीही हे लक्षात ठेवा. शिवाय आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी घासायची, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

रत्नागिरी, मुंबई किंवा पणजीला मात्र हा कुलर फारसा कामाचा नाही. तिथं हवेतच भरपूर बाष्प असतं, त्यामुळे पाण्याची वाफ लवकर होत नाही. म्हणून तर कोकणात माठातलं पाणी विदर्भातल्याइतकं गार होत नाही आणि अंगावरचा घामही वाळत नाही. तिथं पारा ३५ अंशांवर असला तरी जीव कासावीस होतो. अशा ठिकाणी समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळता ठेवायचा, ओल्या फडक्यानं अंग पुसून पंख्याखाली बसवायचं, आणि जमत असेल तर एका मोठ्या खोलीत वातानुकूलन यंत्र लावून दुपारी सगळ्यांना तिथं आणायचं.

पंख्याचीही एक मर्यादा आहे. बाहेरची हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. घाम कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्यानं आराम मिळत नाही, उलट त्रास होऊ शकतो. अंग ओलं करा, मग पंखा लावा.

"उगाच कुणाला हाक मारायची?"

खोली झाली, आता पाणी. आमच्या शाळेतली चौथीची मुलं जवळच्या एका वृद्धाश्रमात गेली होती. एका आजींच्या उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या तसाच होता. एका मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही पाणी का नाही पीत?" आजी हळूच म्हणाल्या, "पाणी प्यायलं की उठावं लागतं गं. पाय दुखतात. उगाच कुणाला हाक मारायची?"

मुलांनो, या एका वाक्यात किती गोष्टी आहेत पाहा! तहान कमी लागते हे तर आहेच. पण त्याशिवाय मोरीपर्यंत चालण्याची भीती आहे. घसरून पडलो तर? आणि आपला कुणाला त्रास नको, हा संकोचही आहे. म्हणजे नुसता तांब्या भरून ठेवला की काम संपत नाही. खाटेपासून मोरीपर्यंतची वाट मोकळी हवी, धरायला दांडा हवा, रात्री दिवा हवा, फरशी कोरडी हवी. आणि "आजी, चला, मी हात धरते," असं हसून म्हणणारं कुणीतरी हवं. हे सगळं असेल तरच आजी पाणी पितील.

म्हणून चांगल्या वृद्धाश्रमात 'पाण्याची फेरी' असते. दर तासाला कुणीतरी तबक घेऊन प्रत्येकाकडे जातं. "पाणी हवंय का?" असं विचारत नाही, कारण उत्तर "नको" असंच येणार. सरळ पेला हातात देतं आणि दोन शब्द बोलत उभं राहतं. बोलता बोलता पेला संपतो.

आता थोडं गणित. सकाळी ७ पासून रात्री ८ पर्यंत दर तासाला एक फेरी, म्हणजे फेऱ्या किती? १३ नाही, १४! प्रत्येक फेरीत फक्त १२५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला. १४ गुणिले १२५ म्हणजे १,७५० मिलिलिटर, पावणेदोन लिटर. एकदम तांब्याभर पाणी द्यायला गेलं तर आजी तोंड फिरवतील. पण अर्धा अर्धा पेला करत ते सहज पोटात जातं. किती प्यायलं, हे भिंतीवरच्या तक्त्यात खूण करून लिहायचं, म्हणजे कोण मागे राहिलंय ते लगेच कळतं.

नुसतं पाणीच हवं असं नाही. ताक, कैरीचं पन्हं, कोकम सरबत, आंबील, पातळ वरण, सगळं चालतं. चहासुद्धा त्यात धरायला हरकत नाही. मात्र ज्यांना मधुमेह आहे त्यांना साखरेचं सरबत नको, ज्यांना रक्तदाब आहे त्यांना जास्त मीठ नको. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगतात. त्यांच्या नावापुढे तक्त्यात वेगळ्या रंगाची खूण करायची.

काही आजी-आजोबांना विसरण्याचा आजार असतो. पाणी म्हणजे काय, पेला कसा धरायचा, हेही ते विसरतात. लंडनमध्ये शिकणाऱ्या लुईस हॉर्नबी नावाच्या तरुणाच्या आजीला असाच आजार होता. अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे तिला एकदा दवाखान्यात न्यावं लागलं. लुईसच्या लक्षात आलं की आजी पाण्याला हात लावत नाही, पण गोड खाऊचा डबा समोर धरला की आवडीनं उचलते. मग २०१८ च्या सुमारास त्यानं रंगीबेरंगी जेलीच्या वड्या तयार केल्या. त्यांत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच होतं! आपल्याकडे कलिंगड आहेच. त्यातही ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतं. बिया काढून मऊ, बारीक फोडी करून द्यायच्या, म्हणजे घशात अडकत नाहीत.

वीज गेली तर?

थंड खोली, कुलर, पंखे सगळं विजेवर चालतं. म्हणून हा प्रश्न आधीच विचारून ठेवायला हवा. २०१७ च्या सप्टेंबरात अमेरिकेत फ्लोरिडा राज्यावर 'अर्मा' नावाचं चक्रीवादळ आदळलं. एका वृद्धनिवासातली थंड हवेची यंत्रणा बंद पडली आणि पुढच्या दिवसांत तिथले १२ वृद्ध उकाड्यामुळे दगावले. रस्ता ओलांडला की मोठा दवाखाना होता! पण त्यांना वेळेवर तिथं हलवलंच गेलं नाही. त्यानंतर त्या राज्यानं नियम केला की वीज गेली तरी चार दिवस वृद्धनिवास थंड ठेवता येईल, एवढी जनित्राची आणि इंधनाची सोय हवीच.

आपल्याकडे प्रत्येक वृद्धाश्रमाला मोठं जनित्र परवडेलच असं नाही. पण वीज जास्त वेळ गेली तर कोणाला आधी हलवायचं, कुठं हलवायचं, गाडी कोणाची, याची यादी भिंतीवर लावायला पैसे लागत नाहीत.

धोक्याची घंटा ओळखा

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, गडद पिवळी लघवी, जीभ कोरडी पडणं, ही सुरुवातीची लक्षणं. अशा वेळी गार जागी झोपवून, कपडे सैल करून घोट घोट पाणी किंवा जलसंजीवनी द्यायची.

पण एखादे आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, ओळखेनासे झाले, अंग चटका बसेल असं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं. "वय झालंय, बरळतायत," असं म्हणून सोडून द्यायचं नाही. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. ती येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घालायचा, मान, काख आणि जांघेत ओली गार फडकी ठेवायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही देऊ नका. हा तो ताप नव्हे, तिथं गोळीचा उपयोग होत नाही. आणि हो, खिशातल्या कांद्यानं शरीर थंड होत नाही. कांदा भाकरीबरोबरच बरा!

आधी कळलं तर सारं सोपं

आपल्या देशातही लोक जागे झाले आहेत. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादला पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले. मग २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेचा आराखडा केला. लाट येण्याआधी रंगांची सूचना द्यायची, पिवळी, नारिंगी, लाल. दवाखान्यांनी तयारी ठेवायची, गरीब वस्त्यांत छपरं पांढरी करायची. पुढे इतर शहरांनीही तो कित्ता गिरवला. आज हवामान खात्याचा असा रंगीत इशारा वर्तमानपत्रांत येतो, बातम्यांत सांगतात. वृद्धाश्रमाच्या फळ्यावर रोज सकाळी तो रंग लिहायचा. नारिंगी किंवा लाल असेल, तर त्या दिवशी दुपारी कुणी बाहेर जायचं नाही, स्वयंपाकघराची मोठी भट्टी सकाळीच विझवायची आणि पाण्याच्या फेऱ्या वाढवायच्या.

तुम्ही काय कराल?

"पण बाई, आमच्या गावात वृद्धाश्रम नाही!" नसेल. पण आजी-आजोबा तर आहेत? शेजारी एकटे राहणारे काका-काकू आहेत? मग ही सुट्टीतली कामं तुमची:

१. घरातल्या आजी-आजोबांसाठी पाण्याचा तक्ता बनवा. १४ चौकोन आखा, प्रत्येक अर्ध्या पेल्याला एक खूण. आधी आई-बाबांना विचारा, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय का?

२. वर्तमानपत्र वाचून रोजचा इशाऱ्याचा रंग आजोबांना सांगा.

३. शेजारच्या एकट्या आजींकडे सकाळी आणि दुपारनंतर एक चक्कर मारा. दार वाजवा, दोन मिनिटं बोला. आवाज नेहमीसारखा नसेल तर मोठ्यांना लगेच सांगा.

४. जवळ वृद्धाश्रम असेल तर शिक्षकांबरोबर जा आणि एका दिवसाची पाण्याची फेरी तुम्ही करा. जाताना सकाळी जा, तुम्हालाही ऊन लागतंच की!

५. मोठ्यांना एक क्रमांक लिहून द्या: १४५६७. ज्येष्ठ नागरिकांना मदत हवी असेल तर हा दूरध्वनी मोफत लागतो.

लहानपणी आपण रडलो तरच आईनं दूध पाजलं असं कधी झालं का? ती घड्याळाकडे पाहून, आपल्या तोंडाकडे पाहून ओळखायची. म्हाताऱ्या माणसांचंही तसंच आहे. फरक एवढाच, की ती रडत नाहीत. "काही नको, ठीक आहे," असं म्हणतात आणि गप्प बसतात.

तेव्हा उद्या दुपारी खेळून आलात की स्वतः पाणी प्या, आणि दुसरा पेला भरून आजोबांच्या हातात ठेवा. ते म्हणतील, "तहान नाही रे." तुम्ही म्हणा, "माहीत आहे आजोबा, म्हणूनच आणलंय!"